‘मिस’ आणि चुकणे

दिल्लीच्या एका विद्यापीठात भाषाशास्त्र शिकणारी नात वसतिगृहातून मिरजेला आजीशी दूरध्वनीवर बोलत असते. दिवाळी नुकतीच सरलेली. यंदा तिला घरी जाणे जमलेले नसते. बोलता बोलता ती म्हणते, “आजी, तुला फार मिस करते गं.” रेल्वे जंक्शनच्या गावी जन्म गेलेल्या आजीला हा शब्द ठाऊक आहे तो गाडीपुरता. ती काळजीने विचारते, “काय गं? गाडी मिस झाली का?”

नात हसते, परंतु आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. इंग्रजीतील या क्रियापदाचा जुना अर्थ नेम चुकणे हाच होय. इसवी सन १००० च्या सुमाराच्या हस्तलिखितातून आपल्यापर्यंत आलेल्या ‘बेवुल्फ’ या काव्यात राजपुत्र हेथकिन याचा बाण लक्ष्य चुकतो आणि त्याचा सख्खा भाऊ प्राणास मुकतो; तेथे हेच क्रियापद योजलेले आहे. पुढे त्यांचा पिता पुत्रशोकाने झुरून देह ठेवतो. चुकलेल्या बाणाचा हा शब्द दुरावलेल्या माणसाच्या ओढीलाही लागू होऊ लागला, तो त्यानंतर कित्येक शतकांनी.

आज इंग्रजीत गाडी, संधी आणि माणूस ही तिन्ही या एकाच क्रियापदाची कर्मे होतात. कर्तेपण ‘मी’कडे राहते. फ्रेंचमध्ये दुरावलेले माणूसच वाक्याचा कर्ता होते. बंगालीत ‘मन केमन करे’. तेथे जे काही करायचे ते मनच करते. मराठीत आठवण आपल्या पायांनी येते, आणि ‘करमत नाही’ या वाक्याला तर कर्ताच नसतो.

आता मराठीतही ‘मिस’ रुळला आहे, पण कसा? गाडी ‘मिस होते’ आणि माणसाला ‘मिस करतात’. गाडीच्या बाबतीत ‘चुकली’चे जुने वळण टिकले, माणसाच्या बाबतीत मात्र येणाऱ्या आठवणीची जागा करण्याच्या क्रियेने घेतली. यात काही गमावले हे खरे. तथापि आपल्या घरांतून जिव्हाळा तोंडावर बोलून दाखविण्याची रीत फारशी नव्हती. तो पत्राच्या अखेरच्या ओळीत संकोचाने उतरे. परक्या शब्दाच्या आडोशाने नातीला तो उघड बोलता आला, हेही तितकेच खरे.

“गाडी नाही गं,” नात सांगते, “तुझ्यावाचून करमत नाही.”

पलीकडे क्षणभर शांतता पसरते. मग आजी म्हणते, “मलाही तू गेल्यापासून चुकल्याचुकल्यासारखं वाटतं बघ.”

नात थबकते. चुकण्यापासून हुरहुरीपर्यंतची जी वाट इंग्रजी शब्दाने चालून काढली, तीच मराठीनेही आपल्या परीने केव्हाच तुडवलेली होती. दोन वर्षे भाषा शिकूनही तिला ती दिसली नव्हती, आणि आजी मात्र सहज बोलून गेली.

“मग कधीच्या गाडीनं येतेस?” आजी विचारते.

या प्रश्नाचे उत्तर नातीपाशी कोणत्याच भाषेत तयार नसते.