वाघ्या आणि महिन्याची पहिली तारीख

आमच्या गिरगांवच्या चाळींत मोत्या नांवाचा एक कुत्रा होता. तो कोणा एकाचा नव्हता, म्हणून सर्वांचा होता, असें आम्ही मोठ्या अभिमानानें सांगत असूं. आम्ही शाळेस निघालों कीं तो ठाकुरद्वारच्या नाक्यापर्यंत आम्हांस पोंचवावयास येई. अखेरच्या वर्षीं त्यास खोकला जडला. जिना चढतां चढतां तो मध्येंच थांबे व आमच्याकडे पाही. पुढें त्याच्या बरगड्या दिसूं लागल्या आणि पोट मात्र फुगलें. कोणी म्हणाले, म्हातारा झाला. कोणी म्हणाले, थंडी बाधली. आजीनें त्यास हळद घातलेलें दूध पाजलें. भाद्रपदांतील एका रात्रीं तो जिन्याखालीं निजला तो पुन्हां उठला नाहीं. सारी चाळ हळहळली. आम्ही तिघां भावंडांनीं पोटभर रडून घेतलें. परंतु तो जिवंत असतांना त्यास डॉक्टरकडे न्यावें, हें कोणाच्याही मनांत आलें नव्हतें.

पुढल्या श्रावणांत काकांनीं लालबागेहून दोन महिन्यांचें एक पिलूं आणलें. आम्ही आनंदानें नाचूं लागलों, तेव्हां आई म्हणाली, "ठेवायचं असेल तर सांभाळायचंही तुम्हीच. रडायला काय, सगळेच असतात." तिचे ते शब्द आम्हांस झोंबले. पिलाचें नांव वाघ्या ठेविलें आणि त्याच आठवड्यांत त्यास घेऊन आम्ही परळास गेलों.

परळास जनावरांचें मोठें रुग्णालय आहे. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें 1883 सालीं तें उभें राहिलें व त्यांच्या पत्नी साकरबाई यांचें नांव त्यास मिळालें. तेथेंच 1886 सालीं पशुवैद्यक महाविद्यालयही निघालें. वाघ्यास लस टोंचून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनीं विचारलें, "तुमच्याकडे डांस आहेत ना?" मुंबईच्या मनुष्यास हा काय प्रश्न, म्हणून आम्ही हंसलों. त्या मात्र हंसल्या नाहींत.

त्यांनीं सांगितलें तें असें. कुत्र्याच्या हृदयांत राहणारा एक कृमि आहे. शास्त्रांत त्यास डायरोफिलेरिया इमिटिस म्हणतात. रोगी कुत्र्याचें रक्त पितांना डांसाच्या पोटांत त्याचीं सूक्ष्म पिलें जातात. उष्ण हवेंत सुमारें दोन आठवड्यांत तीं तेथें वाढतात आणि डांस दुसऱ्या कुत्र्यास चावला कीं त्या जखमेवाटे आंत शिरतात. मग सहा-सात महिन्यांत तीं फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत व हृदयाच्या उजव्या भागांत पोंचून पूर्ण वाढतात. मादी सुमारें फूटभर लांब होते व पांच ते सात वर्षें जगते. आरंभीं कुत्रा खोकतो, लौकर थकतो. रोग बळावला म्हणजे पोटांत पाणी सांचतें.

आम्ही तिघांनीं एकमेकांकडे पाहिलें. तिघांच्याही डोळ्यांपुढें तो जिना उभा राहिला. आम्ही भीत भीत मोत्याची हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "रक्त तपासल्यावांचून कांहीं सांगतां येत नाहीं. हीं लक्षणें दुसऱ्या रोगांतही होतात. हा कृमि आसाम, मिझोरामकडे आढळतो. मुंबईकडे त्याचे त्वचेखालीं राहणारे भाऊबंद अधिक दिसतात. आतां तें कळावयाचें नाहीं." त्यांनीं "होय, तोच रोग" असें म्हटलें असतें तर आम्हांस इतकें वाईट वाटलें नसतें.

"मग वाघ्याचें रक्त आजच तपासा," असा आम्ही हट्ट धरिला. परंतु इतक्या लहान पिलाची चाचणी व्यर्थ असते. चांचणीच्या पट्टीवर वाढलेल्या मादीच्या अंगचें एक द्रव्य दिसतें, आणि कृमीचीं पिलेंही रक्तांत सहा-सात महिन्यांनींच येतात. म्हणून लहानपणीं औषध आधीं, चाचणी मागाहून. औषधाचें नांव आयव्हरमेक्टिन. जपानांतील मातीच्या एका नमुन्यांत सापडलेल्या सूक्ष्म जंतूपासून तें निघालें, आणि त्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कँबेल यांस 2015 सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. तें डांसास अडवीत नाहीं. मागील महिन्यांत अंगांत शिरलेलीं कोंवळीं पिलें तेवढीं मारतें. तीं वाढून बसलीं म्हणजे महिन्याच्या त्या अल्प मात्रेचा उपाय चालत नाहीं. म्हणून महिना चुकवावयाचा नाहीं. आणि मात्रा वजन पाहून डॉक्टरांनींच ठरवावयाची, कारण गुरांचें औषध अंदाजानें दिल्यास कुत्रा दगावूं शकतो, व कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांस तर त्याची थोडी अधिक मात्राही बाधते.

आम्ही दिनदर्शिकेवर दर महिन्याच्या पहिल्या तारखेस लाल वर्तुळ काढलें. फेब्रुवारीपर्यंत एकही चुकलें नाहीं. पुढें परीक्षा आली. मे महिन्याच्या पहिल्या तारखेस पान उलटतांना पाहतों तों मार्च आणि एप्रिलचीं वर्तुळें कोरींच! दादा म्हणाला, तें ताईचें काम होतें. ताई म्हणाली, दादाचें. धाकट्यास तर कोणी विचारलेंच नव्हतें. वाघ्याही मोत्यासारखा सर्वांचा झाला होता. दुप्पट औषध देऊन चूक झांकावी, असाही विचार आमच्या मनांत आला. परंतु आईनें आम्हांस परळासच पिटाळलें.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहींत. त्यांनीं रक्त तपासलें. तें शुद्ध होतें. त्या म्हणाल्या, "ही चाचणी मागचें सांगते. मार्च-एप्रिलांत काय झालें तें नोव्हेंबरांत कळेल. औषध आजपासून नेहमींच्याच मात्रेनें पुन्हां सुरू करा."

ते सहा महिने आम्हांस फार लांब गेले. वाघ्या शिंकला तरी आम्ही दचकत असूं. गॅलरींतील पिंपास झांकण आणलें, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या केल्या. 1911 सालीं डॉक्टर बेंटली यांनीं मुंबईच्या हिवतापाची चौकशी करून विहिरींतील डांसांकडे बोट दाखविलें व पुढें कित्येक विहिरी झांकण्यांत आल्या, असें काकांनीं सांगितलें होतें. विहीर आमच्या हातीं नव्हती, पिंप होतें.

नोव्हेंबरांत रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून डॉक्टरीणबाईंनीं आम्हांस आळीपाळीनें पाहूं दिलें. तांबड्या पेशींच्या गर्दींत एक बारीक धागा वळवळत होता. आमच्या तोंडचें पाणी पळालें. मग त्यांनीं पट्टीची चाचणी केली. तींत हृदयकृमीची रेघ उमटली नाहीं. रक्त रंगवून पुन्हां निरखल्यावर ठरलें कीं तो त्वचेखालीं राहणारा भाऊबंद आहे, त्यावर उपचार होईल आणि हृदयास धोका नाहीं. तो केव्हां शिरला हें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हीही विचारलें नाहीं. तीं दोन कोरीं वर्तुळें आम्हांस ठाऊक होतीं.

आज वाघ्या दीड वर्षाचा आहे. त्याच्या औषधाचें काम आतां एकट्या धाकट्याकडे आहे. दिनदर्शिकेवर त्याचें नांव लिहिलें आहे आणि आम्ही दोघे त्याजवर पहारा ठेवितों. वर्षांतून एकदां रक्त तपासावयाचें, तो दिवसही नोंदविला आहे. बालमित्रहो, ज्यांच्या घरीं पिलूं असेल त्यांनीं तें दोन महिन्यांचें होतांच डॉक्टरांस विचारावें, आणि औषधाची जबाबदारी घरांतील एकाच्या नांवावर लिहून ठेवावी. मोत्यासाठीं आम्ही सर्व रडलों. विचारावयास मात्र कोणी गेलें नाहीं. वाघ्याच्या बाबतींत तसें होऊं नये, एवढ्यासाठीं ती पहिली तारीख आम्ही पाळतों.