न जुळलेले आटे

“आपा, एकही तोटी बसली नाही.”

फजरची नमाज आटोपून मी चहाचे आधण ठेवत होते, तेव्हा छोटीचा फोन आला. तिकडे न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजले होते. प्लंबर नुकताच निघून गेला होता, न्हाणीघराची एक भिंत उघडी होती आणि दुल्हाभाईंनी इथल्या लग्नाहून परतताना बॅगेतून नेलेले सहा-सात किलो पितळ तिच्या बैठकीच्या खोलीत कागदावर मांडून ठेवले होते. तीन बिबकॉक, दोन अँगल कॉक, दोन जेट स्प्रे, एक वॉल मिक्सर, शिवाय टी, निपल, एल्बो. ते सगळे मी नगरच्या बाजारात दोन शनिवार घालवून, एकेक आटा नखाने तपासून घेतले होते. नळ फिटरची मुलगी म्हणून मला या कामाचा थोडा ताठा होता. तो त्या सकाळी उतरला.

सामान इथून पाठवण्याचे कारण पैसे वाचवणे हे नव्हते. कारण अम्मी होती.

अब्बांच्या इंतकालनंतर राळेगणसिद्धीच्या घरात अम्मी दिवसभर एकटी असते. मी सकाळी शाळेसाठी निघते ती संध्याकाळी परतते. चार वर्षांपूर्वी छोटीने तिला सहा महिन्यांसाठी म्हणून नेले होते. अम्मी पंचवीस दिवसांत परत आली. विचारले तर एवढेच म्हणाली, “वहाँ दिल नहीं लगता.” खरे कारण तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे कळले. लघवीचा संसर्ग झाला होता, कारण तिने तिकडे पाणी पिणेच कमी केले होते. पाणी प्यायले की न्हाणीघरात जावे लागे, आणि तिथे पाण्याने स्वच्छ होण्याची सोयच नव्हती. नुसत्या कागदाने तिच्या मनाचे समाधान होईना. बधना भरून नेला तर पाणी खाली सांडे. एकदा खालच्या खोलीच्या छताला ओला डाग पडला, त्या दिवशी ती लाजेने जेवली नाही. वुजूसाठी पाय उचलून बेसिनमध्ये ठेवणे तिच्या गुडघ्यांना जमत नव्हते, म्हणून टबाच्या काठावर बसून पाय धुऊ लागली आणि एकदा घसरली. हे सगळे तिने छोटीला सांगितले नाही, जावयाच्या घरात कसे बोलायचे म्हणून. आपल्याकडे तहारतचे मसले मदरशात पाठ करून घेतात, पण म्हाताऱ्या आईला न्हाणीघरात काय अडचण येते हे विचारायला मुलींचीही जीभ रेटत नाही. मी स्वतः विचारले नव्हते.

म्हणून छोटीने गेल्या वर्षी ठरवले की अम्मीला पुन्हा बोलवायचे, पण आधी न्हाणीघर मोडून नवे करायचे. मला म्हणाली, “आपा, तिच्या हाताला सवय आहे तेच सगळे तिथून पाठव.” मी पाठवले. अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच, तो राळेगणला काय आणि अमेरिकेत काय, असे मी धरून चालले.

तिथेच चुकले. आपल्याकडचे नळाचे आटे इंग्रजांच्या काळापासून ब्रिटिश मापाचे आहेत, अमेरिकेचे स्वतःचे वेगळे. अर्धा इंची आणि पाऊण इंची मापात दोघांचेही इंचाला चौदाच आटे असतात. त्यामुळे वरवर पाहता फरक कळत नाही, तोटी दोन-तीन फेरे छान फिरतेसुद्धा. पण आपल्या आट्याच्या खाचेचा कोन पंचावन्न अंशांचा, त्यांचा साठ अंशांचा. पुढे ती अडकते. जोर लावून पाना फिरवला तर घट्ट बसल्यासारखी वाटते आणि काही दिवसांनी भिंतीच्या आत थेंब थेंब गळू लागते. एक इंचाला तर आट्यांची संख्याच वेगळी, आपले अकरा आणि त्यांचे साडेअकरा; तिथे निदान लगेच कळते तरी. कमोडजवळच्या अँगल कॉकची तऱ्हा आणखी निराळी. आपल्या कॉकचे तोंड अर्धा इंची. तिकडे भिंतीजवळच्या कॉकला तीन अष्टमांश इंचाचा नळीजोड असतो आणि कमोडच्या टाकीकडे सात अष्टमांशचा.

अब्बा म्हणायचे, जबरदस्तीने बसवलेला आटा आज धरतो, उद्या रडवतो. त्या प्लंबरने जबरदस्ती केली नाही, याबद्दल मी आता त्याची आभारी आहे. त्या सकाळी मात्र रागच आला होता. मी छोटीला म्हटले, मधे जोडणारा अडॅप्टर मिळत असेल, तो लावायला सांग. ती म्हणाली, “मिळतो, पण भिंतीच्या आत मान्यता नसलेले काही घालणार नाही म्हणतो. भिंत बंद करायच्या आधी इन्स्पेक्टर येऊन पाहतो, आपा.” शिवाय त्याने एक प्रश्न विचारला होता, ज्याचे उत्तर आम्हा दोघींकडे नव्हते: या पितळात शिसे किती?

पितळ कापायला, त्यावर आटे पाडायला सोपे जावे म्हणून त्यात थोडे शिसे घालतात. अमेरिकेत ४ जानेवारी २०१४ पासून पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या तोट्या-जोडांमध्ये, पाण्याला भिडणाऱ्या भागात, शिशाचे प्रमाण सरासरी पाव टक्क्याहून जास्त चालत नाही. आपल्याकडचे कारखानेही परदेशी पाठवायचा माल तसा बनवतात. जामनगरचे पितळी सुटे भाग जगभर जातात. पण मी घेतलेल्या डब्यांवर त्याबद्दल एक अक्षर नव्हते, आणि दुकानदाराला विचारावे हे मला सुचलेही नव्हते. छोटीच्या घरात सात वर्षांचा मुलगा आहे. तोंड धुताना तो बेसिनच्याच तोटीला ओंजळ लावून पाणी पितो. यावर काय बोलणार? माझा राग तिथे संपला.

मजा अशी की त्याच आठवड्यात छोटी तिकडच्या दुकानात टाइल आणायला गेली, तर खोक्यावर भारतात बनवल्याचा शिक्का. मोरबीच्या असाव्यात. टाइलला आटे नसतात, ती कुठेही बसते.

मग आम्ही नव्याने विचार केला, आणि या वेळी आधी अम्मीला विचारले. मी कागद-पेन घेऊन तिच्यासमोर बसले, विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यावी तशी. कुठे हात धरतेस? आधी कुठला पाय? बसून उठताना कशाला रेलतेस? ती आधी हसली, मग तासभर बोलली. तिला कुठलीच तोटी हवी नव्हती, हे तेव्हा कळले. तिला बसायला जागा हवी होती, पायाशी पाणी हवे होते आणि सांडलेले पाणी आपोआप वाहून जायला हवे होते. थोडक्यात, नहाणी हवी होती.

आपल्याकडचे इंजिनिअर जमिनीतल्या जाळीच्या सांडपाणी-जोडाला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपलाच शब्द पुस्तकांत जाऊन बसला आहे. अमेरिकेतल्या घरांतल्या न्हाणीघरात शॉवरच्या किंवा टबच्या बाहेर बहुधा असा ट्रॅप नसतोच. घरे लाकडी चौकटीची, वर प्लायचा थर, त्यावर टाइल. पाणी टबात पडायचे, बाहेर थेंब नको, असा सगळा हिशेब. तिकडच्या बायकांना ते सोयीचे वाटत असेल, आपण नावे ठेवण्याचे कारण नाही. छोटीने टब काढून टाकला आणि त्या जागी उंबरठा नसलेला, उताराचा शॉवर करून घेतला. उतारासाठी खालची लाकडे थोडी कापून बळकट करावी लागली, खाली पाणी न झिरपणारा पडदा घालावा लागला. खर्च तिथेच झाला, माझ्या पितळाच्या कितीतरी पट. आत बसायला पक्के आसन आणि गुडघ्याच्या उंचीवर हातात धरायचा शॉवर. अम्मी बसल्या बसल्या पाय धुऊ शकते आणि पाणी तिथल्या तिथे जाते.

दोन गोष्टी वेळेत कळल्या म्हणून बऱ्या. भिंतीला धरायचा दांडा नंतर लावू म्हटले असते तर फसलो असतो. तिकडची भिंत विटांची नसते. सोळा-सोळा इंचांवर लाकडी उभे खांब आणि वर पातळ फळ्या. दांड्याला म्हाताऱ्या माणसाचे वजन पेलायचे तर फळ्या बंद होण्याआधी आत आडवे लाकूड ठोकावे लागते. म्हणजे आईचा हात कुठे जाईल हे तुम्हाला भिंत उघडी असतानाच माहीत पाहिजे. दुसरी गोष्ट कमोडजवळच्या जेटची. तो तिकडे सर्रास मिळतो, पण साधारण थंड पाण्याच्या नळीला जोडतात. जानेवारीत ते पाणी बर्फासारखे येते. सत्तरीच्या बाईला त्याची शिक्षाच. छोटीने बेसिनखालच्या गरम नळीवरून जोड घेऊन पाणी कोमट करून घेतले. जेटचे तोंड कमोडमध्ये लोंबकळत राहिले आणि लाइनचा दाब अचानक गेला तर घाण पाणी उलटे खेचले जाऊ शकते. ते अडवणारा छोटा व्हॉल्व्ह असलेलाच जेट प्लंबरने लावला. जेट वापरून झाला की मागचा कॉक बंद करायचा, हेही बजावले. आपल्याकडे हे कोणी सांगत नाही, आणि आपल्या टाकीच्या पाण्याला तरी ते का लागू नसावे?

परदेशात कोणाचे घर दुरुस्त होत असेल तर माझे ऐका. नळाच्या लाइनला जे जोडायचे ते तिथल्या दुकानातून घ्या. इथून न्यायचे ते लाइनला न जोडता वापरायचे: बधना, मग, बसायचा बुटका स्टूल. अम्मीने ऑक्टोबरात जाताना तेवढेच नेले.

बधन्यावरून तिच्यात आणि नातवात एक खेळ सुरू झाला. राळेगण पर्जन्यछायेतले गाव. अण्णा हजारे १९७५ साली सैन्यातून परतले तेव्हा यादवबाबांच्या देवळाचे लाकूडसुद्धा दारूच्या भट्ट्यांत जळून गेलेले होते. त्यांनी स्वतःच्या पैशांतून देऊळ उभे केले, आणि मग बांध-बंधाऱ्यांनी पाणी अडवण्याचे काम सुरू झाले. विहिरींना पाणी आले तेव्हा अब्बांच्या हाताला पाइपांचे काम मिळाले. पण पाणी आले म्हणून ऊस लावायचा नाही, हा गावाचा निर्णय अम्मीने डोळ्यांनी पाहिला आहे. तिच्या हाताला मापाची सवय आहे. प्रेषित (सल्ल.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे जेमतेम पाऊण ते एक लिटरमध्ये वुजू करीत आणि एका साअपासून पाच मुद्दपर्यंत पाण्यात गुस्ल, हे तिला हदीसच्या पुस्तकापेक्षा बधन्यातून जास्त ठाऊक आहे. नातू तोटी सोडून वुजू करी. बेसिनच्या तोटीतून पाणी नुसते वाहत राही. अम्मीने त्याला एक दिवस बेसिनखाली बादली धरायला लावली. दोन मिनिटांत सोळा लिटर. त्याने तो आकडा शाळेत सांगितला म्हणे.

या वेळी अम्मी सहा महिने पूर्ण राहिली. फोनवर मी रोज एकच विचारत असे, “पानी पी रही ना?” एप्रिलमध्ये ती परतली तेव्हा बॅग विलक्षण जड होती. उघडली तर माझे पितळ. “इतना महंगा माल वहाँ काय कू छोडना?” म्हणाली.

दोन तोट्या मी अंगणातल्या टाकीला बसवल्या. अब्बांचा पाना, थोडी टेफ्लॉन टेप. पहिल्याच फेऱ्याला आटे धरले. तिसरी शेजारणीने मागून नेली. वॉल मिक्सर अब्बांच्या पेटीत आहे, थंडीत बघू.