रुपयातले दोन आणे

निवृत्तीनंतर जिना नको, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. यांचे गुडघे आणि माझा दमा, दोघांनाही तळमजलाच मानवतो. म्हणून सांगलीत शामरावनगरच्या बाजूला एक जुने बैठे घर विकायचे असल्याचे कळले, तेव्हा ओळीने तीन रविवार आम्ही ते पाहून आलो.

घर साधेच. सव्वा गुंठा जागा, पुढे पत्र्याची पडवी, मागे स्लॅबच्या तीन खोल्या, शहाबादी फरशी, परसात शेवगा. वसाहत आता चांगली मुरलेली. मशीद, दवाखाना, किराणा, सगळे पायी पाच मिनिटांवर. एजंट म्हणाला, "बांधकामाची किंमत शून्य धरा, पैसे जागेचे." मला हे पटत नाही. चाळीस वर्षे उभ्या असलेल्या घराला काहीतरी सांगायचे असते.

ते ऐकायला आम्ही ओळखीच्या एका गवंडी चाचांना घेऊन गेलो. त्यांनी आधी खिडक्यांचे कोपरे पाहिले. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. दोन भेगा होत्या, पण जुन्या, आत कोळिष्टके धरलेली. चाचा म्हणाले, या थांबल्यात. मग काठीने स्लॅब ठोकत गेले. न्हाणीवर आवाज पोकळ आला. आतली सळई गंजली होती.

मला मात्र भिंतींच्या खालच्या चार फुटांना लावलेला गडद ऑइलपेंट खटकत होता. समोरच्या किराणावाल्याला विचारले. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती; धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा या घरात छातीइतके पाणी होते. एजंटाने तीन रविवारांत पुराचे नाव काढले नव्हते. सांगलीत पुराला भ्यायचे तर राहायचे कुठे, असे हे म्हणतात. मिरजेत, असे मी म्हणते. तरी आम्ही घर नाकारले नाही. माळा घालता येतो, विजेचा मीटर वर चढवता येतो.

मागणी ४८ लाखांची होती. कागद पाहायला बसलो. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित केल्याचे प्रमाणपत्र होते, तिकडे काळजी नव्हती. पण घरपट्टी अजून वडिलांच्या नावे, आणि वडील जाऊन नऊ वर्षे झालेली. मागे त्यांची पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. विकायला पुढे आलेले फक्त मुलगे. थोरला म्हणाला, "अब्बांनी हयातीतच आम्हा दोघांना तोंडी हिबा केला होता. बहिणींचं यात काही नाही."

तोंडी हिबा कायद्याला चालतो, हे खरे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२९ मुळे मुसलमानांच्या हिब्याला नोंदणीची सक्ती नाही. पण देणाऱ्याने तो जाहीर करावा लागतो, घेणाऱ्याने स्वीकारावा लागतो आणि ताबा द्यावा लागतो. इथे घरपट्टी शेवटपर्यंत वडीलच भरत होते, मागच्या खोलीचे भाडेही तेच घेत होते. साक्षीदार कोण, तर हे दोघे भाऊ. आपल्याकडे कितीतरी हिबे माणूस दफन झाल्यावर जन्माला येतात.

हिबा नसेल तर वाटण्या सूरह निसामध्ये घालून दिलेल्याच आहेत. आईला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. हे घर तर जणू शाळेतले गणित. रुपयात मांडले तर आईचे दोन आणे, तिन्ही मुलींचे दोन-दोन, मुलांचे चार-चार. बरोबर सोळा आणे. शरीयतसाठी मोर्च्यात पुढे चालणाऱ्यांच्या घरांतही मुलींचे हे आणे बाहेर पडताना मी फार कमी वेळा पाहिले आहेत. माझ्या अम्मीने तिच्या भावांना हक्कसोडपत्र लिहून दिले होते, मायका शाबूत राहावा म्हणून. नंतर त्या घरून तिला ईदच्या शिरखुर्म्यापुरते बोलावणे येई.

आम्ही अट घातली. खरेदीखतावर सहाही जणांच्या सह्या हव्यात आणि ज्याच्या त्याच्या हिश्शाचा चेक वेगळा. धाकटा गप्प बसला. थोरला उठलाच. "आपा, तुम्ही घर घ्यायला आलात की आमचं घर फोडायला?"

"भाई, उद्या तुमच्या बहिणी कोर्टात गेल्या तर आमचंच घर अडकेल," हे म्हणाले. मला ते उत्तर अर्धेच वाटले, पण मी बोलले नाही.

आठवड्याने एका परक्या नंबरावरून फोन आला. त्यांची थोरली बहीण, इचलकरंजीला दिलेली. आवाज दबका, मागे यंत्रमागांचा खडखडाट.

"आपा, मेरे हिस्से के कित्ते होते?"

"सहा लाख."

"और अम्मी के?"

"तेवढेच."

बराच वेळ नुसते मागच ऐकू येत होते. मग ती म्हणाली, "अम्मी को तो मालूमच नहीं. आपा, भाई को मत बोलना मैंने फोन किया था."

सौदा अजून झालेला नाही. थोरल्याने दुसरे गिऱ्हाईक पाहायला सुरुवात केली आहे, असे एजंट सांगतो. चाचा म्हणतात, घर कोणीही घ्या, पण न्हाणीवरचा स्लॅब पावसाळ्याआधी उतरवायला हवा.