पाठभेद, प्रत आणि दुरुस्ती

'भ्रष्ट पाठ' हा शब्द मराठीच्या अध्यापकाला नवा नाही. नक्कल करताना लेखनिकाची ओळ चुकते, अक्षर गळते आणि तो दोष पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून दुसरी प्रत छापली आणि पाठचर्चा नव्याने पेटली. हे सारे आम्ही दोघे वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. पण हाच प्रश्न पेशीपुढेही रोज उभा असतो, हे आम्हांला चाळिशीनंतर कळले, आणि तेही ग्रंथालयात नव्हे.

आमच्यापैकी एकाच्या वहिनी, दुसरीच्या जाऊबाई, यांना स्तनाचा कर्करोग झाला. जनुकीय तपासणीचा अहवाल धावड्याला आला. त्यात 'बीआरसीए-२' या जनुकात एक बदल सापडल्याचे लिहिले होते आणि पुढे शेरा होता: या बदलाचा अर्थ अनिश्चित. जाऊबाईंनी विचारले, "तुम्ही दोघं एवढे शिकलेले, याचा अर्थ काय तो सांगा. माझ्या लेकीला भीती आहे का?" अर्थ लावणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना त्या चार शब्दांपुढे गप्प बसावे लागले. म्हणून वाचायला लागलो, आणि वाचता वाचता पोहोचलो यीस्टपाशी. बेकरीतला पाव फुगवणारे, ते हेच यीस्ट.

यीस्टची पेशी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी. जनुके सुमारे सहा हजार. तिचा डीएनए तुटला की 'रॅड-५२' नावाचे प्रथिन दुरुस्तीला येते. 'रॅड' हे नाव रेडिएशनवरून पडले, कारण ही जनुके बिघडलेले यीस्ट किरणोत्सर्गापुढे टिकत नाही. पण हे येणे पाहायचे कसे? १९६२ मध्ये ओसामू शिमोमुरा यांनी एका जेलीफिशमधून निळा प्रकाश घेऊन हिरवा देणारे प्रथिन वेगळे केले. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी त्याचे जनुक दुसऱ्या सजीवांत चालवून दाखवले. रॉजर त्सिएन यांनी त्याला अन्य रंग दिले. तिघांना २००८ चे नोबेल मिळाले. परक्या जनुकाची गोष्ट जालन्याच्या शेतकऱ्याला अपरिचित नाही. २००२ पासून आमच्याकडच्या कपाशीत मातीतल्या जिवाणूचे जनुक आहेच.

या चमकत्या प्रथिनाचे जनुक रॅड-५२ च्या जनुकाला जोडतात. एरवी पेशीकेंद्रात फिकट उजेड पसरलेला असतो. डीएनए तुटला की तो एकवटून एक ठळक ठिपका होतो, आणि दुरुस्ती संपली की विरून जातो. कोलंबिया विद्यापीठातील रॉडनी रॉथस्टाइन आणि मायकेल लिस्बी यांच्या गटाने या शतकाच्या प्रारंभी असेही दाखवले की अनेक ठिकाणी तुटलेला डीएनए बहुधा एकाच ठिपक्यात जमतो. जणू दुरुस्तीचे एकच कार्यालय असावे!

दुरुस्ती होते ती शेजारच्या अखंड प्रतीवरून. रॅड-५२ हे रॅड-५१ ला तुटलेल्या धाग्यावर बसवते. तो धागा आपल्यासारखाच मजकूर शोधतो आणि गळलेला भाग त्यावरून उतरवून घेतो. माणसात हे बसवण्याचे काम मुख्यतः बीआरसीए-२ करते. जाऊबाईंच्या अहवालाचा यीस्टशी संबंध आहे तो असा.

इथे एकनाथांची उपमा सुचणे स्वाभाविक आहे, पण ती फार ताणू नये. संपादक अनेक प्रती जुळवतो, कोणता पाठ कवीला शोभेल याचा विचार करतो. पेशीला अर्थाची जाण नाही. ती केवळ जुळणी पाहते. शिवाय ज्ञानेश्वरीतला एखादा पाठ संदिग्ध राहिला तर रसिकाचे काही बिघडत नाही. उलट संदिग्धतेचे आम्ही वर्गात कौतुकच करतो. अहवालातील संदिग्धतेचे कौतुक करता येत नाही. तिच्यासमोर एक आई बसलेली असते.

तिला आम्ही शेवटी इतकेच सांगितले: 'अनिश्चित' म्हणजे 'वाईट' नव्हे. पुरावा वाढला की अशा बदलांची वर्गवारी पुन्हा होते आणि बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात. तोवर केवळ त्या शेऱ्यावरून लेकीबाबत मोठा निर्णय घेऊ नये. मात्र घरातल्या आजाराचा इतिहास डॉक्टरांना सांगून तिची तपासणी कशी व केव्हा करायची ते विचारावे. असे काही बदल घडवून आणलेल्या यीस्टमध्येही तपासले जातात, हे ऐकून जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे पावाच्या पिठातून माझं उत्तर यायचं?"

कदाचित तेथूनही. अहवालावरचा शेरा आजही तोच आहे. पुतणीने पुढच्या तपासणीची तारीख घेतली आहे.