प्लाझ्मा दिला, निकाल कोणी सांगितला नाही

2020 च्या ऑगस्टमध्ये, कोरोनातून उठून महिना झाल्यावर मी प्लाझ्मा दिला होता. लोकल तेव्हा फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना, म्हणून बदलापूरहून काटई नाक्यामार्गे बाईकवर मुंबई गाठली. बायकोलाही द्यायचा होता. पण बाळंतपण झालेल्या बाईचा घेत नव्हते. गरोदरपणात तयार झालेल्या काही अँटीबॉडीजमुळे घेणाऱ्या पेशंटच्या फुफ्फुसांना त्रास होऊ शकतो म्हणे. जाम चिडली होती.

रक्तदान कॉलेजपासून करतोय, पण हा प्रकार वेगळा. हातातून रक्त मशीनमध्ये जातं, तिथे गरागरा फिरून पिवळसर प्लाझ्मा बाजूला निघतो आणि लाल पेशी परत आपल्याच अंगात. पाऊण-एक तास लागला. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, त्याने ओठांना मुंग्या येतात. सिस्टरने कॅल्शियमची गोळी दिली. सही केली त्या कागदावर संशोधनाचाही उल्लेख होता. खरं सांगतो, नीट वाचला नाही.

त्याच वर्षी आयसीएमआरने 39 रुग्णालयांत 464 पेशंटवर 'प्लासिड' नावाची चाचणी केली. साधारण निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा, बाकीच्यांना नुसते नेहमीचे उपचार. (माझी पिशवी त्यात नव्हती, त्यांची भरती जुलैतच संपली होती.) ऑक्टोबरमध्ये निकाल छापून आला. प्लाझ्मा मिळालेल्यांत 34 मृत्यू, न मिळालेल्यांत 31. म्हणजे फायदा काही दिसला नाही.

हे मी वाचलं होतं. आणि एप्रिल 2021 मध्ये उल्हासनगर कॅम्प 4 मधल्या मित्राचा फोन आला. वडील ऑक्सिजनवर, डॉक्टरांनी प्लाझ्मा लिहून दिलाय. "भाई, कुठूनही बघ ना."

सांगितलं नाही त्याला. कुठल्या तोंडाने सांगणार? माझा चालणार नव्हता, आजार होऊन फार महिने झाले होते. ग्रुपवर मेसेज टाकले. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या दोन पोरांना ऐन लाटेत रक्तपेढीत पाठवलं. प्लाझ्मा चढला. काका गेले.

त्यानंतर 17 मे 2021 ला सरकारने कोविडच्या उपचारांतून प्लाझ्मा काढून टाकला. तोवर ब्रिटनमध्ये अकरा हजारांवर पेशंटवर झालेल्या चाचणीनेही तेच सांगितलं होतं.

देणाऱ्यांचं चुकलं असं मी अजिबात म्हणत नाही. कोणी दिलाच नसता तर तो चालत नाही हेही कळलं नसतं. उद्या कोणी संशोधनासाठी मागितला तर मी परत देईन, या वेळी कागद वाचून. राग आहे तो मधल्या सात महिन्यांचा. निकाल छापून आलेला, आणि इथे घराघरातली माणसं पिशवीसाठी वणवण फिरतायत. रक्तपेढीकडे माझा नंबर आहे, वाढदिवसाला शुभेच्छांचा मेसेज न चुकता येतो. त्याच नंबरवर दोन ओळी निकालाच्या पाठवता आल्या नसत्या?

मित्राला मी हे सगळं गेल्या महिन्यात सांगितलं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतंस तरी मी धावलोच असतो."

तुमच्यापैकी कोणी त्या काळात प्लाझ्मा दिला होता का? पुढे त्याचं काय झालं, ते कोणी कळवलं?