पुण्याचं नाव, हॉल कुणाचा?

बॅडमिंटनचं एक जुनं नाव ‘पूना’ होतं, हे सांगितलं की सांगवीतली कॉलेजची पोरं हसतात. पण ते खरं आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. विलायतेत ड्यूक ऑफ ब्यूफोर्टच्या ‘बॅडमिंटन हाउस’वरून १८७० च्या दशकात त्याला आजचं नाव मिळालं.

आम्हाला प्रश्न पडतो, तिथे जाळं कोण बांधत होतं? त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. क्रिकेटमध्ये एक नाव सापडतं, चांभार समाजातले पालवणकर बाळू. पुण्यातल्या साहेबांच्या क्लबात ते खेळपट्टी राखत, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. बॅट मात्र हाती मिळत नसे. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतलं, पण चहा बाहेर, मातीच्या भांड्यात!

आज उघड बंदी नाही. मात्र शटलला वारा चालत नाही, बंद हॉल लागतो. सोळा पिसांचं शटल काही गेममध्येच निकामी होतं. आमच्या वस्तीतली पोरं उघड्यावर प्लास्टिकच्या शटलवर शिकतात आणि हॉलमध्ये पहिल्यांदा उतरतात ती थेट निवडीच्या दिवशी. मग त्याला ‘गुणवत्ता’ म्हणायचं? जिमखाना फी तर सगळ्यांकडून घेतली जाते. तिचा हिशेब मागणारा अर्ज आम्ही पोरांसोबत बसून लिहितो आहोत.