एका रेघेची जुळवाजुळव

ग्राफिक्स.एच हे नाव संगणक शिकणाऱ्या मराठी मुलांच्या निदान दोन पिढ्यांना तोंडपाठ आहे. बोर्लंडच्या टर्बो सीबरोबर ही हेडर फाइल यायची. इनिटग्राफ म्हटलं की काळा पडदा उघडायचा, 640 गुणिले 480 ठिपक्यांचा, सोळा रंगांचा. टर्बो सी म्हातारं झालं, डॉस इतिहासजमा झालं, तरी प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून ही बाई काही उठत नाही. माझ्या भाच्याच्या मशीनवर उबुंटू, आणि तिथे ती मुळातच नाही. उपाय एकच. त्याच जुन्या फंक्शनांची लिनक्ससाठी एसडीएलच्या आधारावर लिहिलेली लिबग्राफ नावाची लायब्ररी आहे. तिचा सोर्स उतरवायचा आणि घरच्या घरी बांधायची.

रोह्याचा जुलै. कुंडलिका तांबडी होऊन वाहतेय आणि विजेचं येणंजाणं तिच्या मर्जीवर. गाठोडं सोडलं, कॉन्फिगर चालवलं, पडद्यावर ओळी धावू लागल्या. सत्यनारायणाच्या आदल्या रात्री आजी यादी घेऊन बसते, तसला सूर. सी कंपायलर? आहे. मेक? आहे. एसडीएल? इथे गाडी अडली.

"मामा, एसडीएल तर कालच टाकलं ना?"

टाकलं होतं. पण ते चालवण्यापुरतं. बांधण्यासाठी हेडर फाइली लागतात आणि त्या 'डेव्ह' शेपटीच्या वेगळ्या पॅकेजात असतात. कॉन्फिगर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. ते स्वतः चार ओळींचा सी प्रोग्राम लिहितं, कंपाइल करून बघतं, जमलं तर 'यस' म्हणतं आणि तो प्रोग्राम पुसून टाकतं. सरकारी कचेरीत दाखल्यावर दाखला मागतात त्याचा मला वैताग येतो. या तपासणीचा नाही आला. ही कागद बघत नव्हती, काम करून बघत होती.

मग गाइल मागितलं, म्हणजे स्कीम भाषेचा अख्खा इंटरप्रिटर. आधी जमवायच्या पॅकेजांच्या यादीत आवाजाच्याही लायब्रऱ्या होत्या. एक सरळ रेघ ओढायला आवाज कशाला, हे भाच्याला कळेना. मलाही पटकन सांगता आलं नाही. प्रत्येक लायब्ररी आपल्या खालच्या लायब्रऱ्यांची देणी घेऊन येते, एवढंच म्हणालो.

मेक अर्धं झालं आणि वीज गेली. परत आल्यावर पोरगं हिरमुसलं होतं, पण मेक पहिल्यापासून सुरू झालं नाही. फाइलींच्या वेळा ताडून बघायच्या, जे बदललंय किंवा राहिलंय तेवढंच करायचं, असा त्याचा स्वभाव. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये 1976 साली ते लिहिलं. रोह्याच्या विजेसाठी लिहिल्यासारखं वाटलं.

एवढं होऊन पहिला प्रोग्राम म्हणाला, लिबग्राफ सापडत नाही. ती जाऊन बसली होती यूएसआर-लोकलच्या लिब फोल्डरात. चालत्या प्रोग्रामला तिचा नवा पत्ता कुणी कळवलाच नव्हता. एलडीकॉन्फिग चालवल्यावर तो कळला आणि काळ्या खिडकीत पांढरी रेघ उमटली.

पुढच्या रविवारी दिवा गाडीनं पेणला गेलो. रोहा, नागोठणे, कासू, पेण. दोन्हीकडे हिरवंगार भात. गणपतीचे कारखाने ऐन भरात होते. एका कारखान्यात एक बाई डोळ्यांची आखणी करत होत्या. बारीक ब्रश, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवलेली, श्वास धरलेला, आणि पापणीची कड एका दमात पूर्ण. पण त्याआधी शाडू भिजलेला, साच्यातून निघालेला, वाळलेला, पॉलिश पेपरनं घासलेला, त्यावर पांढरा हात, मग अंगाचा रंग. आखणी करणाऱ्याचं नाव होतं. घासणाऱ्याला कुणी विचारत नाही. विचारलं पाहिजे.

संगणकाला पापणीची अशी अखंड कड काढताच येत नाही. त्याच्याकडे फक्त ठिपके. तिरकी रेघ ठिपक्यांच्या मधून गेली तर वरचा पेटवायचा की खालचा, हा प्रश्न आयबीएममधल्या जॅक ब्रेझनहॅम यांनी 1962 मध्ये सोडवला: अपूर्णांक नकोत, भागाकार नको, दर पावलाला पूर्णांकांची बेरीज आणि एक चिन्ह बघणं. सेमिस्टरला हमखास येणारा प्रश्न. मुलं तो घोकतात. पेणच्या त्या ब्रशकडे बघून आल्यावर भाच्यानं तो पहिल्यांदा समजून वाचला.

मग त्यानं गणपती काढायला घेतला. आर्कच्या तुकड्यांनी सोंड, एलिप्सनं पोट, फ्लडफिलनं शेंदरी. पण त्या सोळा रंगांत शेंदरी नाहीच; तांबड्यावर भागवावं लागलं. फ्लडफिल म्हणजे घेरलेल्या जागेत रंग ओतणं. सोंडेचे दोन आर्क जिथे मिळायचे तिथे एक ठिपका सुटला होता. रंग तेवढ्या फटीतून बाहेर पडला आणि सगळी खिडकी लालभडक. अर्धा तास शोधून त्यानं फट बुजवली.

कानांचं मात्र अडलं. सुपासारखे कान तिरके हवेत आणि ग्राफिक्स.एचचं लंबवर्तुळ आडवं किंवा उभं, तिरकं होत नाही. आता एकेक ठिपका साइन-कोसाइननं फिरवणं आलं. बारावीनंतर माळ्यावर टाकलेलं गणिताचं पुस्तक काढायला शिडी कुठे आहे, असं त्यानं आईला विचारलं.